माझं नाव घाला

"घाला माझं नाव." एवढं बोलून आप्पा मोकळे व्हायचे. डाव्या हाताने टोपी मागे सरकवायची, उजवा हात माशी झटकावी तसा हवेत झटकायचा, आणि पुढच्या कामाला लागायचं.

आमच्या खोलीतला चहाचा थर्मास फुटला. कुणी फोडला? सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. "घाला माझं नाव." जीपच्या काचेला तडा गेला. "घाला माझं नाव." एकदा सुपरवायझर वैतागून म्हणाला, "अहो आप्पा, जीप त्या दिवशी हुबळीला होती. तुम्ही इथं. तडा तुम्ही कसा पाडला?" आप्पांनी जरा विचार केला. "मग दुसऱ्या कुनाचं तरी घाला. पर लवकर घाला की, च्या गार व्हतोय."

असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आपण त्याला हसतो, आणि वेळ आली की त्याच्या आडोशाला उभे राहतो. मीही राहिलो. ते कसं, ते सांगायला बसलोय. बसवत नाहीये खरं म्हणजे. दोनदा उठून झालं, पाणी पिऊन झालं, पंख्याचा वेग कमी-जास्त करून झाला.

मी निपाणीचा. बेळगावबाहेर विमानतळ आहे, तिथं गवत कापायला, झाडलोटीला, सामान चढवायला-उतरवायला माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी कारकून. तेवीस माणसं, त्यांची हजेरी, त्यांचे कागद, त्यांची भांडणं, सगळं माझ्या टेबलावर. शाळा मराठीत, पुढचं शिक्षण कन्नड-इंग्रजीत झालेलं, त्यामुळे तिन्ही भाषांत अर्ज भरता येतात. आमच्या भागात अशा माणसाला जेवायलाही कुणी नीट बसू देत नाही. त्यात मी जन्माचा उतावळा. आई म्हणायची, ह्याला भाकरी तव्यावर असतानाच पानात पाहिजे.

आप्पांचं काम पाखरं हाकलायचं. हसू नका. विमान उतरताना एखादी घार इंजिनात सापडली तर काय होईल त्याचा विचार करा. म्हणून धावपट्टीच्या कडेने दिवसभर एक माणूस फिरत असतो. हातात काठी, गळ्यात शिट्टी, खिशात सुतळी बॉम्ब. पाऊस पडून गेला की गांडुळं वर येतात आणि त्यांच्या मागे बगळे येतात. गवत कापलं की किडे उडतात, त्यांच्या मागे घारी येतात. आप्पांना हे सगळं पाठ होतं. आभाळाकडे नुसतं बघून सांगायचे, "आज बगळं लई येनार. चार बॉम्ब जादा द्या."

त्यांचं गाव विमानतळाच्या कुंपणाला लागूनच. धावपट्टी वाढवली तेव्हा त्यांचं दोन एकर रान त्यात गेलं, आणि पुढे त्या ओळखीवर हे काम मिळालं. जिथं त्यांचा भुईमूग असायचा, नेमके तिथंच ते शिट्टी घेऊन उभे असायचे. "हितं हीर हुती," डांबराकडे बोट करून सांगायचे. "आता हिच्यावर विमान थांबतंय. पानी लई ग्वाड हुतं हं, अण्णा." मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तरी मला ते अण्णाच म्हणायचे. अर्ज भरणारा माणूस, म्हणून अण्णा.

उन्हाळ्यात टिटवी धावपट्टीजवळच्या खडीतच अंडी घालते. एकदा मी पाहिलं, आप्पांनी अशा एका जागेभोवती दगड मांडून ठेवले होते आणि गवत कापायच्या मशीनवाल्याला लांबून वळसा घालायला लावत होते. मी तिथूनच ओरडलो, "आप्पा, तुमचं काम हाकलायचं आहे, पाळायचं नाही!"

"बसलेलीला कसं हाकलू, अण्णा? पिल्लं निगू देत. मग हाकलतो की सगळ्यास्नी."

गेल्या वर्षी नवा नियम आला. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची नव्याने पोलीस तपासणी, त्यावर वरची सुरक्षा मंजुरी, मगच पास. जुने तात्पुरते पास दोन महिन्यांत रद्द. चार पानी अर्ज आला, इंग्रजी आणि कन्नडमध्ये. तिसऱ्या पानावर एक रकाना होता. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, अटक झाली आहे का, शिक्षा झाली आहे का, असल्यास तपशील द्या. पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

मी तेवीस अर्ज एका दुपारी उरकले. आधी तेवीसच्या तेवीस अर्जांत त्या रकान्यातल्या 'नाही'वर खूण करून टाकली. आमची माणसं मला माहीत होती. कोण काय गुन्हा करणार? मग एकेकाला हाक मारायची, नाव, वय, गाव, सही, पुढचा या. त्या रकान्याचं कुणालाच विचारलं नाही. दर अर्जाच्या शेवटी मात्र 'अर्जदारास सर्व प्रश्न वाचून दाखवले' असं छापलेलं होतं, आणि त्याखाली माझी सही होती.

आप्पा आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. "अण्णा, एक ते कोर्टाचं..."

"कसलं कोर्ट?"

"जुनं हाय. म्हंजे तसं काय न्हाय, पर..."

मला वाटलं, गेलेल्या रानाचं काहीतरी असणार. "आप्पा, कोर्टाचं नंतर. पावणेपाचला टपाल निघतंय. सही करा."

आप्पांची सही म्हणजे सोहळा. आधी अक्षरं एकेक करून मांडायची, मग वरची रेघ. ती रेघ पुरी व्हायच्या आत मी कागद ओढून घेतला.

पास यायला लागले. आज पाच, परवा आठ. पिवळे, फोटो लावलेले, गळ्यात अडकवायचे. ज्याचा यायचा तो आरशासमोर जाऊन बघून यायचा. बावीस आले. आप्पांचा नाही. ते विचारायचे नाहीत. नुसते माझ्या खिडकीसमोरून जायचे, परत यायचे, काठी भिंतीला टेकवायचे, उचलायचे. मला ते बघवेना. मीच चिडून म्हणायचो, "आला की सांगेन ना!" आणि मग लगेच फोन उचलून तपासणी कुठवर आली ते विचारायचो. फोनवर कुणी धड सांगेना.

तात्पुरता पास संपायला अकरा दिवस राहिले असताना ते सकाळीच माझ्याकडे आले. टोपी हातात.

"पोलीस येऊन गेला, अण्णा. ते जुनं कोर्टाचं निघालंय."

मग त्यांनी सांगितलं. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाच्या वेशीवरचा मराठी फलक सरकारी माणसांनी काढला. सीमाभागात हे नवीन नाही, तुम्हाला माहीतच आहे. लोक रस्त्यावर आले, बस अडवली, कुणाच्या तरी दगडाने बसची काच फुटली. कुणाला लागलं नाही, पण फौजदाराने गावाला सांगितलं, सात नावं द्या, नाहीतर सगळं गाव उचलतो.

आणि गावाने सात नावं दिली. कशी दिली ते ऐका. देवळात बैठक बसली. दगड कुणी मारला ही चर्चाच नाही. चर्चा अशी, की कुणाचं नाव गेलं तर चालेल. पोरांपैकी जे सैन्यभरतीसाठी पळत होते त्यांची नावं आधी बाजूला काढली, कारण एकदा का पोलिसात नाव गेलं की भरतीत चारित्र्याचा दाखला अडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. फौजदाराने ज्यांना गर्दीत पाहिलं होतं त्यांत असा एक पोरगा होता. त्याची भरती पुढच्याच महिन्यात. त्याच्या जागी कोण?

"मी म्हनलं, घाला माझं. मला कुठं नोकरी करायचीय? माझं रान हाय." आप्पांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तवा हुतं की रान."

चार वर्षं तारखा पडल्या. शेवटी वकील म्हणाला, कबूल करून टाका, संपेल एकदाचं. सातही जणांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथंच बाकावर बसून राहायचं.

"बसलो. शेजारच्यानं शेंगा आनलेल्या, त्या खाल्ल्या. पाचला कोर्ट उठलं, आमीबी उठलो. हिंडलग्याच्या जेलच्या भिंतीला हातसुदिक लावला न्हाय, अण्णा. ह्येला शिक्षा म्हनत्यात व्हय?"

म्हणतात. कागदावर त्याला शिक्षाच म्हणतात. मी उठून दार लावलं आणि त्यांच्यावरच ओरडलो. माझा स्वभाव तसाच आहे, चूक माझी असली की आवाज आधी चढतो. "आप्पा, मग अर्ज भरताना का नाही सांगितलंत?"

"सांगत हुतो की," ते हळूच म्हणाले.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कसे काढले विचारू नका. रोज नवी युक्ती. पहिली युक्ती, त्या पोराला गाठायचं. तो आता सैन्यातून सुभेदार होऊन परत आला होता, गावातच घर बांधून राहत होता. म्हटलं, त्याने एक कागद लिहून द्यावा, की त्या दिवशी आप्पा तिथं नव्हतेच. मोटरसायकलला किक मारली होती मी. आप्पा चाकासमोर येऊन उभे राहिले.

"न्हाय अण्णा. त्येच्या घरला जायाचं न्हाय."

"अहो, तुम्ही त्याचं आयुष्य उभं केलंत!"

"त्येची पोरगी पोलीस भरतीसाठी पळतीया. रोज पाटंचं बघतो मी तिला. आता बापाचं नाव कागदावर गेलं तर तिचा दाखला आडल का न्हाय? तुमीच सांगा."

"निदान दगड तरी त्यानेच मारला होता का?"

"कुनाला ठाव. गर्दी हुती. दगड काय नाव सांगून पडतोय व्हय?"

त्या पोरीचा दाखला अडला असता असं मला वाटत नाही. पण आप्पांना ते पटवता येईना. आणि खरं सांगू? मला सुभेदार हवा होता तो आप्पांसाठी नव्हता. तो उभा राहिला असता तर माझ्या सहीकडे कुणी बघितलं नसतं, म्हणून हवा होता. वाचून न दाखवता सही केली हे कळलं, तर माझी नोकरी गेली. आठ वर्षांत तिसरी नोकरी, दोन मुली शाळेत. घरी मी काही बोललो नाही. बायको विचारायची, जेवताना पाय का हलवताय?

दहाव्या दिवशी आम्हा दोघांना विमानतळाच्या सुरक्षा विभागात चौकशीला बोलावलं. एक मॅडम होत्या, शांत बाई. कन्नडमध्ये बोलत होत्या. आप्पांना कन्नड वाचता येत नाही, पण कळतं सगळं आणि बोलतातही अस्सल. मॅडमनी समोर दोन कागद ठेवले. एक पोलिसांचा, एक आमचा अर्ज.

"केस बारकी आहे," त्या म्हणाल्या. "जुनी आहे. चोरी नाही, मारामारी नाही. तुम्ही इथं 'हो' लिहून तपशील दिला असता, तर मी वर पाठवून विचारलं असतं. कदाचित मंजूरही झालं असतं. पण इथं 'नाही' आहे. गुन्हा मी समजून घेऊ शकते, लपवणं नाही. ज्याने माहिती दडवली त्याला धावपट्टीवर कसा सोडू?"

मग त्यांनी अर्ज उलटा करून माझ्या सहीवर बोट ठेवलं. "हे तुम्ही भरलंत. हा प्रश्न यांना वाचून दाखवला होता?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. काय बोलणार होतो ते मात्र मला आजही माहीत नाही. त्याच्या आत आप्पा बोलले.

"दाखिवला हुता, मॅडम. ह्यांनी दोनदा इचारलं. मीच न्हाय म्हनून सांगितलं. भ्यालो मी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"

मी मान हलवली. उभी. एकदाच. ती एकदा हललेली मान अजून माझ्या मानगुटीवर बसलेली आहे.

बाहेर आल्यावर कडक ऊन होतं. आप्पांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली, खिशातले दोन सुतळी बॉम्ब काढून दिले. मी म्हटलं, "आप्पा, असं का केलंत?"

"मला नोकरीची तीन वर्सं ऱ्हायलेली. तुमाला लई हायत. पोरी बारक्या हायत तुमच्या." अगदी देवळातल्या बैठकीत बोलावं तसं बोलले. कुणाचं नाव गेलं तर चालेल, एवढाच प्रश्न. वर माझीच समजूत घातली, "आनि तुमी खोटं कुठं बोललासा? मान हलिवलासा फकस्त."

दुसऱ्या दिवसापासून धावपट्टीवर दुसरा माणूस आला. चांगला आहे. पण आभाळाकडे बघत नाही, मोबाईलकडे बघतो. बगळे यायचे तेव्हा येतात, मग तो धावतो. आप्पा मला कुंपणापलीकडच्या रस्त्यावर दोनदा दिसले, सायकलवर, मागे वैरणीचा भारा. हात केला. मीही केला. थांबलो नाही, मला काहीतरी काम होतं. काय होतं ते आठवत नाही.

मॅडमकडे जाऊन खरं सांगावं असं रोज ठरवायचो. अर्ज लिहून खिशात ठेवला होता. शर्ट धुवायला गेला की काढायचो, दुसऱ्या शर्टात घालायचो. तीन महिने गेले. मग मनाशी म्हटलं, आधी आप्पांना भेटू, त्यांच्या बायकोसमोर सगळं कबूल करू, मग मॅडमकडे जायला पाय उचलेल. एका रविवारी गावी निपाणीला जायची बस सोडून मी त्यांच्या गावी गेलो.

आप्पा घरी नव्हते. जांबोटीकडे कुणाच्या तरी भात कापणीला गेले होते, दोन दिवसांनी येणार होते. त्यांच्या बायको, आक्का, एकट्याच होत्या. मी पहिल्यांदाच भेटत होतो त्यांना. बारीक चणीच्या, हातात काम धरलेल्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, घाईघाईने सतरंजी टाकली, पाणी आणलं. मी बसलो. खिशातल्या कागदावर हात ठेवला. म्हणालो, "आक्का, मला तुम्हाला त्या अर्जाचं सांगायचंय."

"नगा, नगा सांगू. मला ठाव हाय सगळं," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. लाजेने त्यांची मान वर होत नव्हती. "ह्यांनी सांगितलंय मला. तुमी चांगलं दोनदा इचारलासा, समजावून सांगितलासा, आनि ह्यांनी तुमच्यासारख्या मानसाला खोटं सांगितलं. इतकी वर्सं संसार केला अण्णा, कुनाला खोटं बोललेलं ऐकलं नव्हतं मी. ह्या वयात काय बुद्धी झाली देवाला म्हाईत. तुमालाबी साहेब लोक बोललं आसत्याल त्येच्यापायी. म्या तीन म्हैनं बोलले न्हाई त्यास्नी नीट." त्यांनी हात जोडले. "त्यास्नी माफ करा, अण्णा."

दारात ऊन होतं. घरात आम्ही दोघंच होतो. सांगायला आलो होतो तेच सांगायचं होतं, अडवायला कुणी नव्हतं.

"असू द्या, आक्का," मी म्हणालो. "केलं माफ."